चार बोटांची सूट

१

सकाळी साडेसातला हेमराज व्हॅन दारात लावायचा, बटण दाबून ट्रिपचं मीटर शून्यावर आणायचा आणि हॉर्न द्यायचा. त्या हॉर्नची काही गरज नसायची. त्याची आई, पुष्पाबाई, डबा, पाण्याची बाटली आणि कात्रीची पिशवी घेऊन आधीच पायरीवर उभी असायची. मुलाशेजारची पुढची सीट तिची. चुकून दुसरी कुणी तिथे बसलीच, तर चलथाण येईपर्यंत तिला इतकं ऐकावं लागे की दुसऱ्या दिवशी ती आपोआप मागे जाऊन बसे.

सुरतेच्या गोडादऱ्यातून आणखी सहा बाया चढत. सगळ्या खानदेशातल्या, सगळ्या चलथाणच्या एका साडी युनिटमध्ये लेस लावायला जाणाऱ्या. घराच्या दारापासून युनिटच्या फाट्यापर्यंत अकरा किलोमीटर. हेमराज जाताना एकदा आणि येताना एकदा मीटर शून्यावर आणायचा. गॅसला गाडी किती पळते ते बघायची त्याला सवय होती. आणि तो बघतो म्हणून पुष्पाबाईही बघायची. तीन वर्षं झाली, दोन्ही वेळा अकरा.

माप हा पुष्पाबाईचा अभिमान होता, आणि का नसावा? चौथी शिकलेली बाई, पण बासष्टाव्या वर्षीही युनिटमध्ये लेस कापायला तिच्याशिवाय कुणावर भरवसा नव्हता. टेबलाच्या कडेला मीटरभर लांब पितळी पट्टी ठोकलेली. लेस पट्टीवर सरकायची, मीटर भरला की पुष्पाबाईचा अंगठा चार बोटं पुढे सरकायचा, आणि मग कात्री. दर मीटरमागे चार बोटं सूट. नव्या पोरी विचारत, मावशी, हे जास्तीचं कशाला? ती म्हणे, "कमी भरलं तर शिव्या बाईला पडतात, शेठला नाही पडत. जास्त गेलं तर कुणी परत आणून देत नाही." चाळीस वर्षं हेच. आता बोटांना सांगावं लागत नव्हतं, ती आपली आपण सरकत.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी बायांना उतरवल्यावर हेमराज नाक्यावरच्या मगनच्या टायरच्या दुकानात गेला आणि व्हॅनची चारही चाकं बदलून आला. गाडी भरली की गतिरोधकावर पोट घासायची म्हणून तेराची रिंग काढून चौदाची टाकली. टायरही उंच. गाडी कशी छाती काढून उभी राहिली.

युनिटची सुट्टी शुक्रवारची असे. रविवारी संध्याकाळी घरी परत आल्यावर पुष्पाबाईने उतरता उतरता मीटर पाहिलं. दहा.

"काय रे, रस्ता आखडला का?"

"ते चाकं मोठी टाकली ना माय, त्यानं होतं तसं," हेमराज म्हणाला आणि काच पुसायला लागला.

२

'त्यानं होतं तसं' या उत्तरावर गप्प बसणारी बाई वेगळी. सोमवारी परतल्यावर पुष्पाबाई थेट मगनच्या दुकानात.

मगन काठियावाडचा, पन्नाशीचा, कानात बाळी, आणि समजावून सांगायची भारी हौस. त्याने व्हॅनचं जुनं चाक काढून आणलं, रबरावर खडूची रेघ मारली आणि फरशीवर एक पूर्ण फेरा फिरवलं. पोलादी टेप लावली. एक मीटर सदुसष्ट. मग चौदाच्या रिंगचं तसलंच नवं चाक घेतलं. एक मीटर चौऱ्याऐंशी.

"देखो मासी. मीटर की आँख नहीं होती. रास्ता उसको दिखता ही नहीं. वो सिर्फ चक्कर गिनता है. छोटा चक्का था तो दस किलोमीटर में छह हजार चक्कर. अब बडा चक्का, उतने ही चक्कर में गाडी ग्यारह किलोमीटर चली जाती है. मीटर बिचारा अभी भी दस बोलता है."

"म्हणजे तुमच्या मीटरची पट्टी लांब झाली," पुष्पाबाई म्हणाली. "पट्टी लांब झाली की माल जास्त जातो आणि चिठ्ठीवर कमी लागतो."

"बराबर! मासी, तमे तो इंजिनियर छो. और सुनो, स्पीड का भी वैसाच. काटा पचास बोले तो असली पचपन. हेमराजभाई को बोलो, जरा संभालके."

सगळं सरळ होतं. हिशेब जुळत होता. तरी पुष्पाबाई टेप हातात धरून उभीच.

"मगनभाय, एक सांग. माझ्या टेबलावर चार बोटं लेस जास्त जाते, ती चिठ्ठीत नसते. पण ती हवेत जात नाही. कुणाच्या तरी घरी जाते. मग हा दर फेरीचा किलोमीटरभर रस्ता, चालला खरा पण मोजला नाही, हा कुणाच्या घरी जातो?"

मगन पोट धरून हसला. "भगवान के घर, मासी."

पुष्पाबाईही हसली. मात्र घरी येताना तिला आठवलं की आज परतीच्या वाटेवर, फाट्याच्या पुढे, कालव्याच्या पुलाजवळ एक बाई एकटीच चालत होती. हिरव्या साडीतली, पाठमोरी, सुरतेच्या दिशेने. आठवायचं काही कारण नव्हतं. उसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर माणसं चालतच असतात.

३

मंगळवारी ती बाई पेट्रोल पंपापाशी होती.

पुष्पाबाईचं लक्ष गेलं ते चालीमुळे. माणूस घरी निघालं की कधी भराभर चालतं, कधी रेंगाळतं. ही मापात चालत होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, सारखंच अंतर, मशीनची सुई पडावी तशी. व्हॅन तिला मागे टाकून गेली आणि पुष्पाबाईला वाटलं, कालच्या जागेपासून ही किलोमीटरभरच पुढे आलीय. मग स्वतःवरच चिडली. एका दिवसात किलोमीटर? रांगतं पोरही याहून जास्त जाईल. दुसरी कुणीतरी असेल.

बुधवारी ती साड्यांच्या गोदामांच्या रांगेपाशी होती. पंपापासून किलोमीटरभर पुढे. त्या दिवशी पुढे बैलगाडी आली म्हणून हेमराजने वेग कमी केला आणि व्हॅन तिच्या अगदी अंगाजवळून गेली. पोपटी साडी. आंब्याच्या रंगाची लेस. आणि पदराच्या टोकाला लेसचा चार बोटं जास्तीचा तुकडा, न कापलेला, वाऱ्यावर हलत होता.

पुष्पाबाईच्या हातातून पाण्याची बाटली पडली.

ती लेस तिने स्वतः कापली होती. सुनेच्या, चंचलच्या, दिवाळीच्या साडीसाठी. ते जास्तीचं टोक तिने कधी कापू दिलं नव्हतं. "राहू द्या आत्या, तुमची सूट आहे," म्हणायची आणि हसायची. चंचलला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच साडीत गेली होती.

"काय झालं, माय?" हेमराजने विचारलं.

"काही नाही. पुढे बघून चालव."

४

असल्या साड्या सुरतेत हजारांनी निघतात. एका रंगाचे शंभर नग, एका लेसची दोनशे रिळं. हे पुष्पाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिने स्वतःला हेच बजावलं. बाबा-बुवांकडे जाणाऱ्या बायांना ती तोंडावर वेडी म्हणायची. आता आपणच वेडं व्हायचं का?

गुरुवारी रेल्वे फाटक बंद मिळालं. हेमराजने इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर शोभा कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या जेवणाला नावं ठेवत होती आणि बाकीच्या हसत होत्या. पुष्पाबाईची नजर सहज समोरच्या काट्यावर गेली.

गाडी उभी होती. काटा शून्यावर नव्हता. पाचवर होता.

"हेमराज, हा काटा."

त्याने काचेवर टिचकी मारली. काटा जरा थरथरला आणि पुन्हा पाचवर आला. किल्ली फिरवून काढून घेतली. सगळे दिवे विझले. काटा पाचवरच.

"अडकला असंल. मगनला दाखवतो."

पाच. माणूस चालतं तेवढा वेग. पुष्पाबाईने काच खाली केली. शोभाच्या बोलण्याखालून, पलीकडच्या ट्रकच्या घुरघुरीखालून एक आवाज येत होता. उभ्या गाडीच्या चाकातून. सट. सट. सट. चपलेचा तळवा टाचेवर आपटतो तसा. घाई नाही, थांबणं नाही.

मालगाडी गेली, फाटक उघडलं. रुळांच्या पलीकडे पोपटी पदर होता. ती बाई फाटकाच्या पुढे गेली होती, आणि पुष्पाबाईच्या डोळ्यांदेखत तर बंद फाटकाजवळून कुणीच गेलं नव्हतं.

हेमराजने घरी आल्यावर चारही टायर हाताने चाचपले. खिळा नाही, खडा नाही.

५

शुक्रवारी युनिटला सुट्टी. घरात पुष्पाबाई आणि शाळेतून आलेली नऊ वर्षांची नात, धनश्री. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरची जरा उजेडाची, आतली पडद्यामागची, तिथे चंचलचा पलंग होता आणि तिच्या साड्यांची पेटी. पलीकडच्या गल्लीत माग चालू असायचे, त्यांची खडखड भिंतीतून सतत येत राहायची. एरवी ती ऐकूही यायची नाही. आज पुष्पाबाईला त्या खडखडीत मधूनच एक आवाज जास्तीचा ऐकू येत होता आणि ती हातातलं काम टाकून ऐकत बसत होती.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. हेमराजला तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी व्हॅन दुरुस्तीला होती. बाकीच्या बाया लवकर निघाल्या, चंचल जास्तीच्या कामाला थांबली. पाच वाजता तिचा फोन आला. "आत्या, इथनं काहीच मिळेना. कुणाला तरी पाठवता का?" धनश्री तापाने फणफणली होती, सकाळपासून आईचा धोशा लावून बसली होती. पुष्पाबाईचं डोकं आधीच फिरलेलं. ती फोनवर ओरडली, "पाय दिलेत ना देवानं? चालत ये! पण दिवे लागायच्या आत घरात पाहिजेस, पोरगी तुझी आहे, माझी नाही!"

"बरं आत्या. निघते," चंचल म्हणाली.

अर्ध्या तासाने त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. बोलणारा पुरुष होता. फाट्यावर, उसाची ट्रॉली, असं काहीतरी सांगत होता. चंचल फाट्यापर्यंतच आली होती. घर अजून अकरा किलोमीटर होतं.

'चालत ये' म्हटल्यावर ती निघाली होती. दोन वर्षं तिला रस्ता नव्हता. आता मिळत होता, घराकडच्या फेरीत रोज एक किलोमीटर, चिठ्ठीवर न लागलेला.

पुष्पाबाईने हे मनात पुरतं उच्चारलंही नाही. तिने आपल्या परीने एकच केलं. पेटीतून उरलेलं आंबा रंगाच्या लेसचं रीळ काढलं, घरातल्या मीटरपट्टीवर झरझर अकरा मीटर लेस मोजली आणि खिळ्याला टांगली. एका किलोमीटरला एक मीटर.

"हे काय गं आजी?"

"रस्ता आहे. रविवारपासून गुरुवारपर्यंत पाच दिवस झाले, पाच मीटर काप. पुढे मी घरी आले की रोज एक."

धनश्रीला खेळच मिळाला. मगनने दिलेली पोलादी टेप लावून, जीभ ओठात धरून, केसाइतकाही फरक न ठेवता तिने पाच तुकडे कापले. पोरीचा हात आजीसारखा सैल नव्हता, शाळेत शिकलेला होता. कापलेल्या तुकड्यांच्या तिला वेण्या हव्या होत्या. पुष्पाबाईने घालून दिल्या.

६

शनिवारी ती फाटकापासून बरोबर एक किलोमीटर पुढे होती. शुक्रवारी व्हॅन निघाली नव्हती, ती बाईही निघाली नव्हती.

रविवारी शोभाच म्हणाली, "पुष्पामावशी, ती पोपटी साडीवाली बघितली का? रोज चालतेय बिचारी. कुठल्या युनिटची असेल?"

पुष्पाबाईने मान वळवून शोभाकडे पाहिलं. म्हणजे दिसतं. नुसतं आपल्यालाच नाही. "तोंड पाहिलंस का तिचं?"

"नाही बाई. पाठमोरीच असते."

"पुढे गेल्यावर मागं वळून बघ."

व्हॅन तिला ओलांडून गेली. शोभा मागच्या काचेकडे वळली. पुष्पाबाईही सीटवर आडवी होऊन वळली. मागे रस्ता, धूळ, आणि बाजूने त्यांच्याच दिशेने येणारी ती बाई. तिचा चेहरा दिसायला हवा होता. दिसत होता तो अंबाडा. पाठीवरचा पदर, त्याचं लोंबतं टोक. इकडूनही पाठच. आणि ती येत होती.

उरलेल्या रस्त्यात शोभाने साखरपुड्याचा विषय काढला नाही. सोमवारपासून ती खिडकीपासून लांब बसायला लागली आणि पदर डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग करायला लागली.

सोमवारपासून दुसरंच झालं. वस्ती सुरू झाली. रिक्षा, हातगाड्या, मागावरून सुटलेले कामगार, भाजीवाल्या. इतक्या गर्दीत एक पोपटी साडी कुठे शोधायची? दिसत होती तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं. आता फक्त खिळ्यावरची लेस सांगत होती. सोमवार झाला, मंगळवार झाला. धनश्री रोज एक मीटर कापायची आणि वेण्या घालून घ्यायची. पुष्पाबाईच्या हाताला पोरीच्या मानेजवळ गार लागायचं. पाणी लावून विंचरलं असेल, असं ती स्वतःला सांगायची.

"आजी, हा रस्ता कुठे जातो?" पोरीने विचारलं.

"कुठे जात नाही. येतो."

७

बुधवारी रात्रीचा स्वयंपाक करायच्या आधी पुष्पाबाईने विषय काढला. "हेमराज, जुनी चाकं परत बसव."

"कशाला? बाया खूश आहेत, गाडी कुठे घासत नाही."

"मी सांगते म्हणून."

"माय, काहीतरी कारण तर सांगशील?"

कारण सांगायचं म्हणजे तो फोन सांगायचा. पुष्पाबाईने कांदा इतक्या जोरात चिरला की सुरी पाटात रुतली. "चाकातनं आवाज येतो. काटा उभ्या गाडीत पाचवर राहतो. एखाद्या दिवशी ब्रेक लागणार नाही, मग विचार कारण. माझी नात राहते या घरात. तिला एक आई पुरे झाली गमावलेली."

हेमराज चंचलविषयी बोलायचाच नाही. उठून नाक्यावर गेला आणि परत आला. "मगन म्हणतो जुनी चाकं आहेत त्याच्याकडे. उद्या दिवसभर गाडी सोडा, बसवून देतो. उद्याच टाकू का मग? एक खाडा पडेल."

पुष्पाबाई खिळ्याकडे गेली. दहा तुकडे कापून झाले होते. उरलेली लेस तिने हातात घेतली. एक मीटर, आणि वर चांगला पाऊण मीटर. म्हणजे उद्याचा दिवस धरूनही पाऊण किलोमीटर हातात राहत होतं.

"उद्या नको. सहा बायांची हजेरी जाईल माझ्यामुळे. शुक्रवारी सुट्टीच आहे, सकाळी उठून पहिलं काम तेच."

"घाई तुलाच होती ना? उद्याच टाकू म्हणतो मी, काय व्हायचंय ते होऊ दे."

"पुरतंय शुक्रवारपर्यंत. माझं माप आहे ते."

हेमराजला काही कळलं नाही. पण आईच्या मापापुढे त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

८

गुरुवारी परतताना पुष्पाबाई सीटच्या टोकावर बसून होती. घराच्या पाऊण किलोमीटर अलीकडे देवीचं छोटं मंदिर आणि त्याच्या बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. आज ती तिथे असायला हवी होती. हेमराजला तिने गाडी हळू घ्यायला लावली. मंदिराच्या पायऱ्या, गुऱ्हाळाचा बाक, रिक्षांची रांग, एकेक माणूस बघितलं. पोपटी काहीच नाही. पुढे नाही, मागे नाही.

चाकातला तो सट सट आवाजही नव्हता. केव्हा थांबला ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी हेमराजने गाडी थांबवली, समोरून टेम्पो येत होता. पुष्पाबाईने काट्याकडे पाहिलं. शून्य. सरळ, गुमान शून्यावर.

"बघ, सुधारला आपोआप," हेमराज म्हणाला. "उगाच जीव टांगणीला लावतेस."

पुष्पाबाईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. संपलं असेल. थकली असेल. आपणच चार दिवस डोक्यात काहीतरी घेऊन बसलो असू. ती शोभाला म्हणाली, "काय गं, साखरपुड्यात भात कच्चा होता म्हणत होतीस ना?" आणि शोभाही जरा हसली.

दारात व्हॅन थांबली. पावणेसहा झाले होते, ऊन भिंतींवरून वर सरकत होतं. हेमराज बाहेर काच पुसत राहिला. शाळा सुटल्यावर धनश्री शेजारच्या काशिनाथकाकांकडे बसायची आणि व्हॅनचा आवाज आला की घर उघडायची. आज दार आधीच उघडं होतं. पोरगी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पुढ्यात टेप आणि कात्री.

"आजी, आजचा मी कापलासुद्धा. अकरावा. पण एक गंमत बघ. अकरा मीटर लेस होती, मी अकरा तुकडे कापले, एकेक मीटर, बरोब्बर. मग हा कुठनं उरला? सत्याहत्तर सेंटीमीटर."

पुष्पाबाईने तो तुकडा घेतला. "तूच कुठेतरी चुकलीस."

"नाही गं. टेपनं मोजलेत सगळे."

पोरगी खोटं बोलत नव्हती. पुष्पाबाई तो तुकडा हातात धरून उभी राहिली आणि तिची बोटं आपली आपण लेसवर चालू लागली. चार बोटं. पुढे सरकून चार बोटं. पुन्हा चार. ती मोजत नव्हती, हात मोजत होता. अकराव्यांदा चार बोटं ठेवली आणि करंगळीखाली लेस संपली.

अकरा मीटर मोजले होते तिने, झरझर, सवयीने. दर मीटरमागे सूट देत.

पाऊण किलोमीटर कुठे नव्हतंच. रस्ता आज संपला होता.

९

"धनू," पुष्पाबाईने विचारलं, "वेण्या कुणी घातल्या तुझ्या?"

पोरीच्या दोन्ही वेण्या घट्ट होत्या. कानामागून घेतलेल्या, आंबा रंगाची लेस पेडात गुंफलेली. पुष्पाबाईला असं गुंफता येत नसे. या घरात ते एकीलाच येत होतं.

"तूच ना?" धनश्री म्हणाली. "मी कापत होते तेव्हा मागून आलीस. मी म्हटलं, आजी हात किती गार, तर बोललीच नाहीस."

पडद्यामागे, आतल्या खोलीत, पलंग करकरला. दमून आलेलं माणूस टेकतं तसा.

पुष्पाबाईने नातीला दंडाला धरून उठवलं. "पप्पाकडे जा. त्याला सांग तुला घेऊन मगनकडे जा, चाकं आत्ताच्या आत्ता काढायला लाव. आणि मी हाक मारल्याशिवाय कुणी घरात यायचं नाही."

"आजी, आत कोण आहे?"

"माझ्याकडे काम आहे तिचं. तुझ्याकडे नाही. जा म्हणते ना!"

पोरगी बाहेर पडली. पुष्पाबाईने आतून कडी लावली. बाहेर हेमराजने काहीतरी विचारलं, पोरीने काहीतरी सांगितलं, व्हॅन सुरू झाली. चाकांचा आवाज गल्लीतून लांब गेला. नुसता रबराचा आवाज, दुसरं काही नाही. मग पलीकडच्या मागांची खडखड उरली.

तिने पडदा सारला.

पलंगावर ती पाठमोरी बसली होती. पोपटी पदर जमिनीपर्यंत आला होता, त्याला अकरा किलोमीटरची धूळ. एका पायात चप्पल नव्हती. पुष्पाबाई भिंतीला धरून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथूनही पाठच. उशाकडे गेली. पाठ. तेव्हा ती थांबली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेली बाई, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश पलंगाच्या कडेला बसली, तिच्याकडे पाठ करून. दोघी पाठीला पाठ लावून.

"मीच म्हणाले होते चालत ये," ती म्हणाली. "हेमराजला सांगितलं नाही. कुणालाच नाही. पोरीला नेऊ नकोस, चंचल. जे काही आहे ते माझ्याकडून घे."

मग तिच्या डाव्या मनगटावर मागून बोटं आली. गार, धुळीने खरखरीत. एक, दोन, तीन, चार. बरोबर चार, कमी नाही, जास्त नाही. आणि तिच्या कानाच्या अगदी जवळ, दम लागलेल्या आवाजात, कुणीतरी हळूच विचारलं, "आत्या, उशीर नाही ना झाला?"

पुष्पाबाईने खिडकीकडे पाहिलं. भिंतीच्या वरच्या टोकावर उन्हाची पट्टी अजून होती. गल्लीतले दिवे लागले नव्हते.